चंद्र पडतोच आहे

दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या पुस्तकाच्या पहिल्या भागातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. तो शिकवायला घेण्याआधी मी फळ्यावर एक प्रश्न लिहिते आणि मुलांना वहीत उत्तर लिहायला सांगते. पृथ्वी चंद्राला ओढते, तर मग चंद्र पृथ्वीवर पडत का नाही? बोईसरच्या माझ्या वर्गात नवापूर-दांडीच्या मच्छीमारांची मुलं असतात, तारापूर एमआयडीसीत कामाला आलेल्या उत्तर प्रदेश-बिहारच्या कुटुंबांतली असतात, डहाणू-विक्रमगडच्या पाड्यांवरून वसतिगृहात राहायला आलेली असतात, अणुविद्युत केंद्राच्या वसाहतीतलीही असतात. इतक्या वेगवेगळ्या घरांतल्या मुलांचं उत्तर मात्र बहुधा एकच येतं. गुरुत्वाकर्षण चंद्राला आत ओढतं, केंद्रोत्सारी बल त्याला बाहेर ढकलतं, दोन्ही बलं सारखी असतात, म्हणून चंद्र आपल्या जागी राहतो.

हे उत्तर ऐकायला इतकं नीटनेटकं आहे, की शिकलेली मोठी माणसंही तेच सांगतात. पण ते चुकीचं आहे. आणि ते चुकीचं का, हे एकदा कळलं की विश्वाकडे बघायची नजरच बदलते, म्हणून मला हा प्रश्न इतका महत्त्वाचा वाटतो.

नववीत शिकलेला न्यूटनचा गतीविषयक पहिला नियम आठवा. एखाद्या वस्तूवर दोन समान बलं विरुद्ध दिशांनी लागली, तर ती एकमेकांना रद्द करतात. मग ती वस्तू स्थिर राहते, किंवा आधीच चालत असेल तर त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते. चंद्र यांतलं काहीच करत नाही. त्याची वाट दर क्षणाला पृथ्वीच्या बाजूला वळते. ज्याची वाट वळते, त्याच्यावर बल लागलेलं आहे आणि ते रद्द झालेलं नाही, असा त्याचा सरळ अर्थ. दोन्ही बलं खरोखर समान असती, तर चंद्र केव्हाच सरळ रेषेत निघून गेला असता.

मग बाहेर ढकलणाऱ्या बलाची कल्पना येते कुठून? पुस्तकातल्याच कृतीतून. दोरीला दगड बांधून गोल फिरवा, हाताला बाहेरच्या बाजूला ओढ जाणवते. ती ओढ हाताला बसते, दगडाला नव्हे. दोरी दगडाला आतच ओढत असते, आणि त्यालाच पुस्तकात अभिकेंद्री बल म्हटलं आहे. दोरी सोडून दिली की दगड हातापासून थेट बाहेरच्या दिशेला उडत नाही, तर सुटताना ज्या दिशेला चालला होता त्या दिशेला, म्हणजे वर्तुळाच्या स्पर्शिकेवरून सरळ जातो. बाहेर ढकलणारं कुणी असतं, तर तो बाहेर गेला असता. चंद्रासोबत फिरणाऱ्या निरीक्षकाच्या जागी बसून हिशोब मांडला, तर केंद्रोत्सारी बल धरावं लागतं आणि ते योग्यही आहे, पण त्या हिशोबात चंद्र फिरतच नाही, एका जागी उभा असतो. आपण पृथ्वीवरून ज्या फिरत्या चंद्राविषयी विचारतो आहोत, त्याला पृथ्वीकडून एकच ओढ आहे आणि ती आतल्या दिशेची आहे. सूर्यही चंद्राला ओढतो, पण तो पृथ्वी आणि चंद्र दोघांनाही जवळपास सारखंच वळवतो, त्यामुळे या दोघांच्या आपसातल्या संबंधात त्याचा वाटा लहान राहतो.

तर मग खरं उत्तर काय? चंद्र पडतो आहे. अगदी आंबा पडतो तसाच, त्याच कारणाने, आणि सतत. फक्त तो पडता पडता इतक्या वेगाने आडवा जातो, की पृथ्वी दर वेळी त्याच्या वाटेतून बाजूला राहते.

हे समजायला पालघरच्या पूर्वेला जाऊ. मनोरच्या रस्त्यावर वाघोबा खिंड लागते आणि तिच्यावर काळदुर्ग उभा आहे. हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरून पश्चिमेला समुद्र दिसतो. तिथून समुद्राकडे तोंड करून एक दगड आडवा फेकला, तर तो गडाच्या पायथ्याच्या झाडीत पडेल. त्याहून कितीतरी जोरात फेकला तर पालघर शहरात, आणखी जोरात फेकला तर सातपाटीच्या किनाऱ्यावर. वेग वाढवत नेला तर अरबी समुद्रात, मग त्यापलीकडे अरबस्तानच्या किनाऱ्यावर, मग आफ्रिकेत. हवेचा अडथळा आणि पृथ्वीचं स्वतःभोवतीचं फिरणं तेवढं आपण बाजूला ठेवू. दगड कितीही जोरात फेकला, तरी तो पडायला सुरुवात करतो ती हातातून सुटल्या क्षणापासूनच. पहिल्या सेकंदात तो ४.९ मीटर खाली येतो, मग तो नुसता सोडलेला असो की बंदुकीच्या गोळीच्या वेगाने फेकलेला असो.

आता दुसरी गोष्ट. पृथ्वी गोल आहे. सरळ आडवं गेलं तर दर आठ किलोमीटरला जमीन आपल्या रेषेपासून सुमारे पाच मीटर खाली वळलेली असते. ही दोन मापं शेजारी ठेवा. दगड सेकंदाला जवळपास आठ किलोमीटर आडवा गेला, तर त्या सेकंदात तो जेवढा खाली पडेल, तेवढीच जमीनही त्याच्याखालून वळलेली असेल. पडूनही त्याची जमिनीपासूनची उंची तीच राहील. पुढच्या सेकंदातही तेच, त्याच्या पुढच्याही. तो दगड आफ्रिका, अटलांटिक, ब्राझील, पॅसिफिक आणि बंगालचा उपसागर ओलांडून सुमारे ८४ मिनिटांनी पूर्वेकडून पुन्हा काळदुर्गावर येईल. सगळा वेळ तो पडतच असेल.

न्यूटनने हीच कल्पना उंच डोंगरावरच्या तोफेच्या रूपाने मांडली होती. ते चित्र त्याच्या मृत्यूनंतर १७२८ साली छापलेल्या पुस्तकात आहे. त्याच्या किती तरी आधी आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त लिहून ठेवलं, की पृथ्वी आपल्या शक्तीने जड वस्तूंना स्वतःकडे ओढते, म्हणून त्या पडतात असं आपल्याला दिसतं. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. भास्कराचार्यांनी ओढ सांगितली, ही फार मोठी गोष्ट आहे. तीच ओढ चंद्रापर्यंत पोहोचते, अंतराबरोबर ठराविक प्रमाणात कमी होते आणि आडव्या वेगाशी मिळून कक्षा घडवते, हे गणित न्यूटनचं. दोघांचाही मान राखायचा तर दोघांचं काम वेगवेगळं ओळखावं.

न्यूटनचं गणित दहावीच्या मुलाला करता येईल इतकं सोपं आहे. आपण पृथ्वीच्या केंद्रापासून एक त्रिज्या दूर आहोत, सुमारे ६,३७० किलोमीटर. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर, म्हणजे साधारण ६० त्रिज्या. ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असेल, तर चंद्रापाशी ती ६० गुणिले ६०, म्हणजे ३,६०० पट कमी भरायला हवी. आपल्याकडे दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो. त्याला ३,६०० ने भागा. १.३६ मिलिमीटर येतं. आता चंद्र खरोखर किती पडतो ते बघा. तो सेकंदाला १.०२ किलोमीटर आडवा जातो, आणि त्याच्या एवढ्या मोठ्या वर्तुळात तेवढ्या अंतरावर सरळ रेषेपासून वळण पडतं तेही १.३६ मिलिमीटरच्या आसपास. झाडावरच्या फळाला आणि आकाशातल्या चंद्राला एकच नियम लागू आहे, हे माणसाला अशा एका भागाकारातून कळलं. हे गणित मांडणारा न्यूटनचा ग्रंथ ‘प्रिन्सिपिया’ १६८७ साली प्रसिद्ध झाला. वर्गात हा भागाकार मी दरवर्षी मुलांकडूनच करून घेते, कारण तो दुसऱ्याने करून दाखवण्यासारखा नाही.

इथे मुलं दोन प्रश्न विचारतात आणि दोन्ही चांगले आहेत. पहिला, चंद्राचा हा वेग संपत कसा नाही? आपल्या अनुभवात प्रत्येक चालती वस्तू थांबते, कारण जमीन आणि हवा तिला अडवतात. चंद्राच्या वाटेत अडवायला हवा नाही. ज्याला अडवणारं काही नाही, त्याला चालत राहायला कुणी ढकलावं लागत नाही. दुसरा, मुळात हा वेग त्याला दिला कुणी? सध्या सर्वांत मान्य असलेली समजूत अशी, की सुमारे साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी कोवळ्या पृथ्वीवर मंगळाच्या आकाराचं एक पिंड तिरकं येऊन आदळलं. त्यातून उडालेलं द्रव्य पृथ्वीभोवती फिरत राहिलं आणि त्याचा चंद्र बनला. जे सरळ खाली आलं ते पृथ्वीत मिसळलं, ज्याला पुरेसा आडवा वेग होता तेच वर उरलं.

आज कुणी चंद्राचा आडवा वेग अचानक काढून घेतला, तर तो थेट आपल्याकडे येऊ लागेल आणि पाच दिवसांच्या आत पृथ्वीवर आदळेल. आणि पृथ्वीची ओढ काढून घेतली, तर तो सरळ निघून जाईल. ओढ आणि चाल, दोन्ही हव्यात. अंतराळ स्थानकातली माणसं तरंगतात त्याचंही कारण हेच. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशू शुक्ला तिथे गेले, तेव्हा मुलांनी मला विचारलं होतं की तिथे गुरुत्वाकर्षण नसतं का? सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असतं. स्थानक आणि त्यातली माणसं एकत्र पडत असतात, म्हणून कुणाचं वजन कुणाला जाणवत नाही.

आता मी माझ्या किनाऱ्याकडे येते, कारण ओढ आणि चाल या दोन्ही गोष्टींचा पुरावा इथे रोज पाण्यावर लिहिला जातो.

माझे वडील सातपाटीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते. घरात भिंतीवर कालनिर्णय असायचं, पण त्यांना तारखेपेक्षा तिथीशी काम. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. बोंबील आणि जवळ्यासाठी लावायचं डोल जाळं वाहत्या पाण्याकडे तोंड करून बांधतात, आणि पाणी जोरात वाहिलं तरच मासळी त्यात जाते. भांगात पाणी मरगळलेलं, जाळ्याला जोर नाही. त्यामुळे आमच्या घरातला पैसा चंद्राच्या कलेबरोबर वाढायचा आणि उतरायचा. किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा एक ढोबळ ठोकताळा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. बाबा हे बोटांवर करायचे.

पाणी चढतं, त्यात ओढ दिसते. चंद्र जितका आपल्याला ओढतो, तितकंच आपणही त्याला ओढतो, आणि तो फिरताना पृथ्वीही दोघांच्या सामायिक केंद्राभोवती लहानसं वर्तुळ घेते. ते केंद्र पृथ्वीच्या पोटातच, पृष्ठभागापासून सुमारे १,७०० किलोमीटर खोल आहे. म्हणजे पृथ्वीही चंद्राकडे पडतेच आहे. पण ती मोठी असल्यामुळे तिचे सगळे भाग सारखे पडत नाहीत. चंद्राकडच्या बाजूचं पाणी जवळ आहे, त्याला ओढ जास्त. पृथ्वीच्या मध्याला थोडी कमी. पलीकडच्या बाजूच्या पाण्याला सर्वांत कमी, म्हणून ते मागे राहतं. परिणामी दोन्ही बाजूंना फुगवटा येतो आणि आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती येते. चंद्र एकाच बाजूला असताना दोन भरत्या का, याचं उत्तर यात आहे. दुसरी भरती हा पृथ्वी स्वतः पडत असल्याचाच पुरावा आहे. सूर्याचीही भरती असते, चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी. दोघे एका रेषेत आले की उधाण, काटकोनात आले की भांग. उथळ आणि रुंद समुद्रतळामुळे आपल्या भागात पाणी जास्त चढतं. मुंबईजवळ मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो, आणि उत्तरेला खंभातच्या आखातात पाणी निमुळत्या जागेत शिरतं तिथे तो दुपटीच्या आसपास जातो. किनाऱ्याची वळणं आणि खोली यांमुळे प्रत्येक ठिकाणची खरी भरती या सोप्या चित्रापेक्षा गुंतागुंतीची असते, पण तिला हलवणारा हात हाच.

आणि भरती रोज उशिरा येते, त्यात चाल दिसते. चंद्र जागचा हलत नसता, तर भरती रोज घड्याळाच्या त्याच काट्यावर आली असती. पण पृथ्वी एक फेरी पुरी करेपर्यंत चंद्र आपल्या कक्षेत पूर्वेला पुढे सरकलेला असतो, आणि त्याला पुन्हा डोक्यावर आणायला पृथ्वीला आणखी सुमारे ५० मिनिटं फिरावं लागतं. तिथीमागे पाऊण तासाचा हिशोब इथूनच आलेला. ज्या आडव्या वेगामुळे चंद्र आपल्यावर आदळत नाही, तो वेग सातपाटीच्या धक्क्यावर रोज या उशिराच्या रूपाने पोहोचतो. आमच्या किनाऱ्यावरच्या पिढ्यांनी या उशिरावर बोटी हाकल्या, संसार चालवले.

भरतीचा एक परिणाम चंद्रावरही होतो. पृथ्वी स्वतःभोवती दिवसाला एक फेरी घेते, चंद्राला तिच्याभोवती एका फेरीला २७.३ दिवस लागतात. वेगाने फिरणारी पृथ्वी पाण्याचा फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे ओढून नेते. तो पुढे गेलेला फुगवटा चंद्राला पुढच्या दिशेने किंचित खेचतो, आणि चंद्र हळूहळू वरच्या, मोठ्या कक्षेत सरकतो. बदल्यात समुद्रतळाशी घासणारं पाणी पृथ्वीचं फिरणं अत्यंत सावकाश मंद करतं. म्हणजे चंद्र आपल्याकडे येण्याऐवजी वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर चालला आहे. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात तीन मीटर. आमच्या किनाऱ्यावर उधाणाचं पाणी सहा तासांत त्याहून जास्त चढतं.

इतकं बारीक अंतर मोजता येतं ते चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांमुळे. पहिला परावर्तक अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी जुलै १९६९ मध्ये ठेवला. पृथ्वीवरून लेसरचा झोत पाठवला की तो चंद्रावरून अडीच सेकंदांत परत येतो, आणि त्या वेळेवरून अंतर काढतात. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या आपल्या विक्रम यानावरही नासाने दिलेला एक छोटा परावर्तक आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने त्याच्यावर लेसर टाकून परतलेला प्रकाश टिपला.

हे सगळं मी मुलांना सांगते, पण नुसतं सांगणं पुरत नाही. झाई-बोर्डीपासून अर्णाळ्यापर्यंत या जिल्ह्यात समुद्राजवळ किती तरी शाळा आहेत. त्यांतल्या प्रत्येक शाळेत गुरुत्वाकर्षणाचा धडा किनाऱ्यावर शिकवला जावा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी पैसा लागत नाही. धक्क्याच्या भिंतीवर खडूने खुणा करायच्या, मोठ्या माणसाला सोबत घ्यायचं, आणि एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत भरतीची वेळ आणि पाण्याची उंची वहीत लिहायची. ज्या दिवशी शाळा असेल त्या दिवशी घरच्या तांडेलाला किंवा आजीला विचारायचं. महिन्याच्या शेवटी आलेख काढला, की पाण्याची उंची दोनदा वाढून दोनदा उतरलेली दिसेल, आणि रोजचा उशीर साठत साठत पूर्ण एका दिवसाइतका व्हायला साडेएकोणतीस दिवसांच्या आसपास लागलेले दिसतील. तेवढ्या वेळात पृथ्वीही सूर्याभोवती पुढे सरकलेली असते, ते वजा केलं की चंद्राच्या खऱ्या फेरीचे २७.३ दिवस हाती येतात. मग चंद्राचं अंतर घेऊन परीघ काढायचा, दिवसांनी भागायचं, आणि चंद्राचा वेग स्वतः काढायचा. तासाला सुमारे ३,६८० किलोमीटर.

नवापूर-दांडीच्या मुलांकडे हे निम्मं ज्ञान घरातूनच आलेलं असतं. वर्गात मात्र ती गप्प बसतात, कारण आपल्या बापाला येतं ते विज्ञान आहे, असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगणं आम्हा शिक्षकांचं काम आहे. ज्या मुलाने पाण्याची वेळ आपल्या हाताने लिहून चंद्राचा वेग काढला, त्याला दोन बलांचं तयार वाक्य पाठ करायची गरज उरत नाही. चंद्र पडतो कशामुळे आणि चुकतो कशामुळे, याची दोन्ही मापं त्याच्या वहीत असतात आणि ती तो कुणालाही दाखवू शकतो.